फाइलचे रूप बदलताना गाण्याची माहिती शाबूत कशी ठेवावी

फ्लॅक या आवाज न घटवणाऱ्या स्वरूपातील गाणी मोबाइलसाठी ओपस या लहान फाइलींच्या स्वरूपात किंवा गाडीतील प्लेअरसाठी एमपीथ्रीमध्ये उतरवताना बहुतेकांचे लक्ष आवाजाच्या दर्जाकडे असते, आणि गाणे नीट वाजले की काम झाले असे समजले जाते. गायकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागली आहे, गीतकार कुठेच दिसत नाही किंवा क्रमाने ऐकायचा संच अकारविल्हे लागला आहे, हे महिना-दोन महिन्यांनी ध्यानात येते, आणि तोवर जागा मोकळी करण्यासाठी मूळ फाइली पुसलेल्या असतात. आवाजातील घट कानाला कदाचित जाणवणारही नाही, पण ‘ट्रॅक ०१’ नावाची दोनशे गाणी पुन्हा ओळखून त्यांना नावे देण्याचे काम कोणीही हौसेने करत नाही.

हे का घडते ते आधी समजून घेतले पाहिजे, कारण एकदा कारण कळले की पुढची बहुतेक पथ्ये आपोआप सुचतात. रूपांतर करणारा प्रोग्राम गाण्याची माहिती, म्हणजे टॅग, जशीच्या तशी उचलून नव्या फाइलमध्ये ठेवत नाही. तो जुन्या फाइलमधील रकाने वाचतो, त्यांचा अर्थ स्वतःच्या पद्धतीने लावतो आणि नव्या फाइलच्या पद्धतीत जो रकाना जुळेल त्यात ती माहिती नव्याने लिहितो. जुळणारा रकाना सापडला तर ठीक; सापडला नाही तर काही प्रोग्राम वेगळ्या नावाचा खास रकाना तयार करतात आणि काही ती माहिती गुपचूप सोडून देतात. या सोडून दिलेल्या माहितीची सूचना पडद्यावर सहसा येत नाही.

कोणत्या फाइलमध्ये माहिती कशी असते

एमपीथ्री या स्वरूपात मुळात गाण्याच्या माहितीसाठी जागाच नव्हती. १९९६ मध्ये आयडीथ्री नावाची सोय निघाली आणि तिच्या पहिल्या आवृत्तीत फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटचा एक तुकडा जोडला जाऊ लागला. त्यात गाण्याचे नाव, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला फक्त १ बाइट मिळतो. प्रकाराच्या त्या एका बाइटमध्ये शब्द मावत नाही, ठरलेल्या यादीतील क्रमांक मावतो. मूळ यादीत ८० प्रकार होते आणि त्यांत भावगीत किंवा नाट्यसंगीत अर्थातच नव्हते.

देवनागरीसाठी ही जागा किती अपुरी आहे ते एका नावावरून पाहता येईल. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, ३ बाइट घेते. ‘भीमसेन जोशी’ या नावात भ, दीर्घ वेलांटी, म, स, मात्रा, न, ज, ओकार, श आणि पुन्हा दीर्घ वेलांटी अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट झाले, आणि मधल्या मोकळ्या जागेचा १ धरून ३१. एका बाइटसाठी शेवटची वेलांटी अर्धवट कापली जाते आणि तिच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येते. हेही त्या रकान्यात यूटीएफ-८ लिहू देणारा प्रोग्राम असेल तरच; ही आवृत्ती मुळात रोमन लिपीच्या एका बाइटच्या अक्षरांसाठी आखलेली असल्याने पुष्कळ प्रोग्राम देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाऐवजी सरळ एक प्रश्नचिन्ह लिहून मोकळे होतात.

पुढे १९९८ पासून आयडीथ्रीची दुसरी पिढी आली. तिच्यात माहिती फाइलच्या सुरुवातीला असते, रकान्याच्या लांबीची अडचण व्यवहारात उरत नाही आणि मुखपृष्ठाचे चित्र व गाण्याचे शब्दही ठेवता येतात. आज वापरात असलेल्या तिच्या दोन आवृत्त्या म्हणजे २.३ आणि २.४. दोन्हींत देवनागरी व्यवस्थित मावते, पण फरक असा की २.३ मध्ये ती यूटीएफ-१६ या पद्धतीने लिहावी लागते आणि २.४ मध्ये यूटीएफ-८ चीही मुभा आहे. नवी आवृत्ती अधिक चांगली असूनही विंडोज ७ च्या काळातील एक्सप्लोरर आणि गाड्यांतील पुष्कळ जुने प्लेअर २.४ नीट वाचत नाहीत, म्हणून वाटण्यासाठी किंवा गाडीसाठी करायच्या एमपीथ्रीत २.३ आणि यूटीएफ-१६ ही जोडीच निवडावी. कागदावर काय श्रेष्ठ आहे यापेक्षा समोरच्या यंत्राला काय वाचता येते हे इथे महत्त्वाचे.

एकाच एमपीथ्री फाइलमध्ये शेवटी पहिल्या पिढीचा तुकडा, सुरुवातीला दुसऱ्या पिढीचा आणि शिवाय एपीई नावाच्या तिसऱ्याच पद्धतीचा टॅग, असे तिन्ही एकत्र असू शकतात आणि त्यांतील माहिती एकमेकींशी जुळत नसू शकते. टॅग दुरुस्त केला तरी एखादा प्लेअर जुनेच नाव दाखवतो तेव्हा बहुधा हेच कारण असते.

फ्लॅक, ओग व्हॉर्बिस आणि ओपस यांची पद्धत मात्र साधी आहे. रकान्याचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि मजकूर अशी ओळ यूटीएफ-८ मध्ये लिहायची. रकाने हवे तेवढे, हव्या त्या नावाचे (नाव मात्र रोमन अक्षरांत) आणि एकाच नावाचे अनेकही चालतात. युगुलगीताला ‘आर्टिस्ट’ असे दोन वेगळे रकाने देता येतात, रागदारीच्या संग्रहासाठी ‘राग’ आणि ‘ताल’ असे स्वतःचे रकाने करता येतात. मराठी संग्रहाची मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी असे माझे ठाम मत आहे ते जितके आवाजासाठी आहे तितकेच या मोकळिकीसाठी.

अॅपलच्या एमफोरए फाइलची पद्धत याहून वेगळी आहे. तिथे नेहमीच्या रकान्यांसाठी ठरावीक संकेत असून बाकीची माहिती ‘मुक्त’ रकान्यात जाते, आणि गाण्याचा क्रमांक मजकूर म्हणून न ठेवता आकडा म्हणून साठवला जातो. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांना ज्यांनी ‘ए १’, ‘बी ३’ असे बाजूसह क्रमांक दिले असतील त्यांची बाजू या रूपांतरात गळून पडते. म्हणून बाजू डिस्कच्या रकान्यात १ किंवा २ अशी लिहावी आणि गाण्याच्या क्रमांकात निव्वळ आकडा ठेवावा.

वेव्ह या न दाबलेल्या आवाजाच्या फाइलमध्ये टॅग ठेवण्याच्या पद्धती आहेत, पण कोणता प्रोग्राम त्यांपैकी कोणती वाचेल याचा भरवसा नाही. त्यामुळे वेव्ह हा मधला टप्पा असलेले कोणतेही रूपांतर माहितीच्या दृष्टीने धोक्याचे मानावे.

रूपांतराआधी मूळ प्रत दुरुस्त करणे

सगळ्यात महत्त्वाचा नियम हा की टॅगची दुरुस्ती नेहमी मूळ प्रतीत करावी आणि रूपांतरित प्रतीला हात लावू नये. मोबाइलमधल्या प्रतीत नाव चुकलेले दिसले तर तिथे बदलण्याचा मोह आवरावा, मूळ फ्लॅकमध्ये बदलावे आणि प्रत पुन्हा काढावी. दोन ठिकाणी दुरुस्त्या होऊ लागल्या की थोड्याच दिवसांत कोणती प्रत खरी हे सांगणारे कोणी उरत नाही.

मूळ प्रतीत काय काय भरावे याचा विचार करण्यासाठी गीतरामायणाचे उदाहरण सोयीचे आहे, कारण त्यात जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र येतात. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या या ५६ गीतांचे गीतकार ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके. मूळ प्रसारणात ती अनेक गायक-गायिकांनी गायली, आणि पुढे सर्व गीते फडके यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रिकांच्या संचातून आली. म्हणजे एकाच नावाच्या गीताची दोन वेगळी मुद्रणे एखाद्याच्या संग्रहात असू शकतात आणि त्यांतील फरक फक्त गायक, अल्बम व वर्ष या रकान्यांतूनच कळतो. हे रकाने रूपांतरात गळाले तर प्रोग्रामच्या दृष्टीने त्या दुहेरी प्रती ठरतात, आणि ‘दुहेरी प्रती पुसा’ ही सोय वापरणाऱ्याचे एक मुद्रण कायमचे जाते.

गीतकाराचा रकाना या सगळ्यांत सर्वांत आधी बळी पडतो. एमपीथ्रीच्या दुसऱ्या पिढीत त्याला स्वतंत्र जागा आहे, फ्लॅकमध्ये ‘लिरिसिस्ट’ नावाने तो सहज ठेवता येतो, पण एमफोरएच्या नेहमीच्या संकेतांत तो नाही. तिथे तो मुक्त रकान्यात जातो आणि बहुतेक प्लेअर तो दाखवतच नाहीत. पाश्चात्त्य पॉप संगीतात ‘कलाकार’ म्हटले की भागते, आपल्याकडे मात्र भावगीत म्हणजे कवी, संगीतकार आणि गायक अशी तिघांची कामगिरी असते. म्हणून गीतकाराचे नाव योग्य रकान्यात तर लिहावेच, शिवाय शेऱ्याच्या रकान्यातही ‘गीत: ग. दि. माडगूळकर’ असे लिहून ठेवावे. माहिती दोनदा लिहिणे शास्त्रशुद्ध नाही हे मान्य, पण शेऱ्याचा रकाना बहुतेक सर्व रूपांतरांत टिकतो. राग आणि ताल यांसाठी केलेल्या खास रकान्यांनाही हेच लागू आहे. एमपीथ्रीत ते ‘वापरकर्त्याचा मजकूर’ या सदरात जातात आणि साधे प्लेअर तिकडे पाहत नाहीत, तेव्हा ‘राग यमन’ हे गाण्याच्या नावातच असलेले बरे.

अल्बमचा कलाकार हा रकाना रिकामा ठेवू नये. प्रत्येक गीताचा गायक वेगळा असलेला संच या रकान्याअभावी प्लेअरमध्ये विखुरतो आणि एका अल्बमचे दहा अल्बम दिसू लागतात. गायक निरनिराळे असतील तर तिथे सर्व गीतांना एकच नाव द्यावे, मग ते संगीतकाराचे असो वा ‘विविध कलाकार’ असो.

क्रमांकाबाबत दोन पथ्ये आहेत. क्रमांक नेहमी इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) लिहावा, कारण देवनागरीतील ‘५’ हा पुष्कळ प्रोग्रामांना आकडा म्हणून समजत नाही आणि रूपांतरात ते शून्य लिहितात किंवा रकाना रिकामा ठेवतात. दुसरे असे की क्रमांक फक्त फाइलच्या नावात असून चालत नाही. गीतरामायणाचे पहिले गीत ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ आणि अखेरचे ‘गा बाळांनो, श्री रामायण’. क्रमांकाचा रकाना गेला आणि प्लेअरने अकारविल्हे लावले की अखेरचे गीत पहिल्याच्या कितीतरी आधी वाजते. कथा क्रमाने पुढे नेणाऱ्या संचात हे केवळ गैरसोयीचे नाही, ते ऐकणेच निरर्थक होते.

नावांच्या लेखनातील एकसारखेपणाकडे आपण सहसा दुर्लक्ष करतो. ‘ग.दि.माडगूळकर’, ‘ग. दि. माडगूळकर’ आणि ‘गदिमा’ हे प्लेअरच्या लेखी तीन वेगळे कवी आहेत. याहून फसवा प्रकार ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांचा आहे. त्यांतील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो, एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून आणि एकदा साध्या ‘र’ नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. त्यात पुन्हा काही प्रोग्राम रूपांतर करताना अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून काढून टाकतात, आणि मग ‘तऱ्हा’ या शब्दातील र चक्क रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. आपल्या कीबोर्डने कोणता प्रकार उमटतो ते एकदा पाहून सर्वत्र स्वतंत्र ‘ऱ’ असलेलाच प्रकार ठेवावा.

हे सगळे भरण्यासाठी विंडोजवर एमपीथ्रीटॅग हा प्रोग्राम पुरेसा आहे. नावात एमपीथ्री असले तरी तो फ्लॅक, ओपस आणि एमफोरएही हाताळतो. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा गाणे ओळखून माहिती आपोआप भरतो, पण जुन्या मराठी मुद्रणांची माहिती त्याच्या भांडारात तुटपुंजी आणि पुष्कळदा रोमन लिपीत असते. त्याने सुचवलेले डोळे मिटून स्वीकारले तर काळजीपूर्वक भरलेले देवनागरी टॅग पुसले जातील, म्हणून ‘सेव्ह’ करण्यापूर्वी जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी दिसतो तो वाचावा.

प्रत्यक्ष रूपांतर

संपूर्ण संग्रह एका दमात रूपांतरित करू नये. आधी चार-पाच फाइली निवडाव्यात, आणि त्या सोप्या न निवडता अवघड निवडाव्यात: सर्वांत लांब नावाची, दोन गायकांची, मोठ्या चित्राची, शब्द जोडलेली आणि ‘ऱ्य’ असलेली. त्या नीट उतरल्या तर बाकीच्या उतरतील.

विंडोजवरील फूबार २००० या प्लेअरमध्ये फाइलींवर उजवी क्लिक करून ‘कन्व्हर्ट’ उघडल्यावर स्वरूप आणि ठिकाण यांखेरीज इतर गोष्टींचेही एक पान असते. टॅग नव्या फाइलमध्ये न्यावेत की नाहीत आणि जोडलेली चित्रे न्यावीत की नाहीत, या दोन वेगळ्या खुणा तिथे आहेत. दोन्ही खुणा असल्याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये. केवळ पहिली असेल तर नावे येतात आणि मुखपृष्ठे राहून जातात. मॅकवर एक्सएलडी हा प्रोग्राम हेच काम चांगले करतो. फ्लॅकवरून ओपस करायचे असेल तर ओपसच्या मूळ संचातील एनकोडर, म्हणजे आवाज दाबून नव्या स्वरूपात लिहिणारा प्रोग्राम, थेट फ्लॅक फाइल वाचतो आणि टॅग व चित्र दोन्ही न सांगता पुढे नेतो. एमपीथ्रीसाठी प्रसिद्ध असलेला लेम हा एनकोडर मात्र स्वतंत्रपणे वापरला, म्हणजे फ्लॅक उलगडून वेव्ह केली आणि ती त्याला दिली, तर त्याच्यापर्यंत फक्त आवाज पोचतो. अशा वेळी टॅग वेगळे न्यावे लागतात.

एफएफएमपेग हा आज्ञा टंकून चालवायचा रूपांतराचा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तो टॅग आपणहून पुढे नेतो, पण एमपीथ्री लिहिताना आयडीथ्रीची २.४ आवृत्ती धरतो, २.३ हवी असेल तर आवृत्तीचा पर्याय स्पष्ट द्यावा लागतो. ओग आणि ओपस फाइलींत टॅग संपूर्ण फाइलला न चिकटता आतल्या ध्वनिप्रवाहाला चिकटलेले असतात, म्हणून ओपसवरून एमपीथ्री करताना ‘मॅप मेटाडेटा’ या पर्यायात पहिल्या प्रवाहाचा उल्लेख करावा लागतो, अन्यथा नवी फाइल कोरी निघते. आणि फाइलला जोडलेले मुखपृष्ठ तो चित्रफितीची एक चौकट मानतो, त्यामुळे ओग किंवा एमफोरए करताना ते पुन्हा चित्रफीत म्हणून सांकेतिक करू पाहतो किंवा सोडून देतो. चित्राच्या प्रवाहाची फक्त नक्कल करावी असे सांगितले की एमपीथ्री आणि एमफोरएपुरता हा प्रश्न सुटतो.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून पुन्हा साठवणे हे रूपांतराचे साधन नव्हे. खरखर काढण्यासाठी किंवा कॅसेटची बाजू गाण्यांत तोडण्यासाठी तो उत्तम आहे, पण मुखपृष्ठाचे चित्र तो सांभाळत नाही आणि एमपीथ्री असेल तर आवाजही पुन्हा एकदा दाबला जातो. संकेतस्थळावर फाइल चढवून रूपांतर करून घेणे तर शक्यतो टाळावेच. तिथे कोणता प्रोग्राम कोणत्या पर्यायांसह चालतो हे आपल्याला दिसत नाही.

दोन गायकांच्या गाण्याकडे इथे विशेष लक्ष द्यावे. फ्लॅकमधील दोन स्वतंत्र रकाने एमपीथ्रीच्या २.३ आवृत्तीत एकाच रकान्यात तिरप्या रेघेने जोडले जातात, आणि काही प्रोग्राम केवळ पहिले नाव उचलतात, म्हणजे युगुलगीताचे एकल गीत होते. पिकार्डमध्ये कोणत्या चिन्हाने नावे जोडावीत ते निवडता येते. ज्यांना हा व्याप नको त्यांनी मूळ प्रतीतच एका रकान्यात ‘आणि’ घालून दोन्ही नावे लिहावीत. शोधताना थोडी गैरसोय होते, पण नाव तरी हरवत नाही.

गाण्याचे शब्द जोडले असतील तर एमपीथ्रीत त्यांच्यासोबत भाषेचा तीन अक्षरी संकेत असतो. मराठीचा संकेत ‘एम ए आर’ असा आहे, पण बरेच प्रोग्राम इंग्रजीचाच संकेत लावून ठेवतात. संकेत चुकला म्हणून शब्द नाहीसे होत नाहीत. मात्र एकाच फाइलमध्ये वेगळ्या भाषासंकेतांचे दोन शेरे असतील तर रूपांतरात त्यांपैकी एकच टिकण्याची शक्यता मोठी असते.

आवाजाची पातळी सारखी करण्यासाठी लिहिलेली रीप्लेगेनची मूल्ये मात्र न्यायच्या भरीस पडू नये. ओपसमध्ये हे मूल्य वेगळ्या नावाने आणि वेगळ्या पातळीला धरून लिहिले जाते, तेव्हा नव्या प्रतींवर मोजणी नव्याने करावी.

देवनागरीचे बिघडलेले टॅग

रूपांतरानंतर नावे वाचता येईनाशी झाली तर ती कशी बिघडली आहेत ते आधी पाहावे, कारण एक प्रकार दुरुस्त होतो आणि दुसरा होत नाही. प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर मूळ अक्षरे पुसली गेली आहेत आणि त्या फाइलमधून ती परत मिळणार नाहीत. पण डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चार कोपऱ्यांतून किरण फुटलेले एक लहान वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह आणि मग काहीतरी तिसरे, अशी त्रिकुटे पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर हायसे वाटायला हरकत नाही. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ मधील तीन बाइट इथे तीन वेगळी रोमन अक्षरे म्हणून वाचले गेले आहेत, एवढेच झाले आहे. माहिती जागेवर आहे.

फूबार २००० साठी अशा चुकीच्या वाचनाची दुरुस्ती करणारा एक जोडप्रोग्राम मिळतो. त्यात फाइली देऊन योग्य पद्धत म्हणून यूटीएफ-८ निवडली की नाव कसे दिसेल त्याचा नमुना आधी दिसतो आणि पटला तरच लिहिला जातो. ही दुरुस्ती लवकर करावी, दुसऱ्यांदा रूपांतर करण्यापूर्वी. विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या रोमन वर्णसंचात काही जागा रिकाम्या आहेत आणि काही प्रोग्राम त्या जागांवरचे बाइट टाकून देतात. दुर्दैवाने हलन्ताचे आणि ह्रस्व उकाराचे अखेरचे बाइट नेमके त्याच जागांवर पडतात, तसेच ‘ए’, ‘ऐ’ आणि ‘झ’ यांचेही. अशा फाइलमधून परत आणलेल्या नावात सगळी जोडाक्षरे सुटी पडलेली असतात आणि ती हाताने जुळवण्याला पर्याय राहत नाही.

आणखी एक मार्ग पुष्कळांना सुचतो तो म्हणजे सगळे टॅग रोमन लिपीत लिहून टाकणे. गाडीतील प्लेअरकडे देवनागरीचा टंकच नसेल आणि नुसते चौकोन दिसत असतील, तर त्या पेनड्राइव्हपुरते असे करावे, पण मूळ संग्रह रोमनमध्ये नेऊ नये. देवनागरीतून रोमन हवे तेव्हा करता येते. उलट्या दिशेने जाताना ‘काळ’ आणि ‘काल’, ‘पान’ आणि ‘पाण’ यांतला भेद कोणत्याही प्रोग्रामला खात्रीने सांगता येत नाही.

फाइलच्या नावावरून टॅग भरण्याची सोयही याच कारणाने शेवटचा उपाय म्हणून वापरावी. विंडोजवर फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम किंवा तिरपी रेघ चालत नाही, त्यामुळे प्रश्नार्थक मुखड्याचे गाणे फाइलच्या नावात आधीच विरामचिन्ह गमावून बसलेले असते. टॅगवरून फाइलचे नाव बनवावे, त्याच्या उलट करू नये.

तपासणी

रूपांतर झाल्यावर मूळ आणि नव्या प्रतींची तुलना डोळ्यांनी न करता याद्यांनी करावी. एमपीथ्रीटॅगमध्ये निवडलेल्या फाइलींचे रकाने मजकुराच्या यादीत काढण्याची सोय आहे. मूळ फोल्डरची एक यादी आणि नव्या फोल्डरची एक यादी काढून त्या शेजारी ठेवल्या की कुठला रकाना रिकामा आला ते लगेच कळते. एखाद्या फाइलमध्ये नेमके काय लिहिले आहे आणि चित्र आत आहे की नाही हे पाहायचे असेल तर मीडियाइन्फो वापरावा. प्लेअरवर विसंबू नये. प्लेअर मुखपृष्ठ दाखवतो म्हणजे ते फाइलमध्ये आहे असे मुळीच नाही, कारण ते फोल्डरमध्ये पडलेल्या वेगळ्या चित्रावरून किंवा इंटरनेटवरूनही आलेले असू शकते. तसेच आपण दिलेले तारे आणि किती वेळा ऐकले याची नोंद अनेक प्लेअर स्वतःच्या भांडारात ठेवतात; ती फाइलमध्ये नसतेच, म्हणून कोणत्याही रूपांतराने पुढे जाणार नाही.

तपासणीत टॅग कोरे निघाले आणि आवाज मात्र ठीक असला तर सगळे पुन्हा रूपांतरित करण्याची गरज नाही. एमपीथ्रीटॅगमध्ये मूळ फाइली निवडून त्यांचे टॅग उचलावेत आणि तेवढ्याच नव्या फाइली निवडून त्यांवर चिकटवावेत. इथे दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि क्रम तंतोतंत सारखा असला पाहिजे. एक फाइल कमी असली तर तिच्यापुढच्या प्रत्येक गाण्याला आदल्या गाण्याचे नाव लागते. म्हणून दोन्ही याद्या फाइलच्या नावाप्रमाणे लावून पहिली, मधली आणि शेवटची जोडी वाजवून पाहावी, मगच साठवावे.

टॅगशी खटपट करताना आवाजाला धक्का लागला नाही ना, ही शंका फ्लॅकच्या बाबतीत चटकन फेडता येते. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ आवाजाची एमडी५ छाप, म्हणजे आवाजावरून मोजून काढलेला एक ओळखसंकेत, नोंदलेली असते आणि ती टॅग बदलल्याने बदलत नाही. फ्लॅकच्या स्वतःच्या चाचणीत फाइल उत्तीर्ण झाली की आवाज मूळचाच आहे असे समजावे. तपासणीसाठी काढलेली टॅगची मूळ यादी नंतर पुसू नये. ती मूळ फोल्डरमध्येच तारीख घालून ठेवावी आणि संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेताना ती सोबत जाते आहे ना ते पाहावे.